खळ दिलेली बॅग

आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली की आबा, माझे वडील, ती आधी हुंगायचे. गुळाची ढेप असो, बियाण्याची पिशवी असो, माझी नवी चप्पल असो, ते डोळे मिटून ती नाकाशी न्यायचे आणि मग मत द्यायचे. याचं हसू यायचं, पण नवल वाटायचं नाही. मेंढी शंभर कोकरांतून आपलं कोकरू वासावरून ओळखते, आणि आबा जन्मभर मेंढ्यांतच राहिले होते. बाजारात मेंढी घ्यायला गेले तरी ते दात नंतर बघत. आधी विचारत, "कुणाच्या कळपातली?" ते नाव ओळखीचं निघालं की निम्मा व्यवहार झाल्यासारखा त्यांचा चेहरा सैल व्हायचा.

आमचं घर येडगावला, धरणाच्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे अंगण आणि अंगणाला लागून काटेरी फांद्या लावून केलेला मेंढरांचा वाडा. सकाळ व्हायची ती कोकरांच्या ओरडण्यानं. त्यात आईच्या चरख्याची घरघर मिसळायची, आणि चुलीवर मेंढीच्या दुधाचा दाट चहा उकळायचा. तसा चहा मला पुढे कुठे मिळाला नाही. टोमॅटोचा भाव पडला की शेजारचे बागायतदार पाट्याच्या पाट्या आणून द्यायचे, आणि मग आमच्याकडे भाकरीबरोबर टोमॅटोची चटणी, टोमॅटोचं सार, टोमॅटो घातलेलं पिठलं असं पंधरा दिवस चालायचं. आबा म्हणायचे, "आता मेंढरं बी लाल लोकर द्यायला लागत्याल."

आईचं नाव होतं ते खळीसाठी. घोंगडी विणून झाली की तिला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजायचे, भिजवायचे, टरफलं काढून वाटायचे आणि ते वाटण मोठ्या पातेल्यात शिजवून चिकट पेज करायची. ती पेज कुंच्यानं घोंगडीवर सारखी चोळून उन्हात वाळवली की घोंगडी कडक होते, धागा धाग्याला धरतो आणि पाऊस वरच्या वर निथळून जातो. खळ पातळ झाली तर उपयोग नाही, जाड झाली तर घोंगडी तडकते. आईचा हात कधी चुकला नाही. तिच्या माहेराहून, अवसरी बुद्रुकहून, लोक घोंगड्या घेऊन खास तिच्याकडे यायचे. तिचं एक ठाम मत होतं: नवी वस्तू कडक पाहिजे. मऊपणा वापरून यावा. सुरुवातीलाच मऊ असलेल्या वस्तूवर तिचा विश्वास नव्हता, मग ती घोंगडी असो, सतरंजी असो की नवा जावई.

अशा घरातून मी नारायणगावच्या कॉलेजात गेले. आईकडच्या आणि आबांकडच्या, दोन्ही घरांतून दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. सगळ्यांना त्याचं इतकं कौतुक होतं की मला तिथे काय होत होतं ते मी कुणाला सांगू शकत नव्हते. माझ्या तोंडून आवाजच निघायचा नाही. हजेरी घेताना मी 'हजर' म्हणायचे ते माझ्या बाकावरच राहायचं. पहिल्या महिन्यात मी एकही दिवस चुकवला नाही आणि हजेरीच्या वहीत निम्मे दिवस गैरहजर होते. वर्गातल्या इतर मुली मोकळ्या, बाजारपेठेत वाढलेल्या. मी तोंड उघडलं की 'व्हतं' आणि 'न्हाई' बाहेर पडेल, आणि मग संपलंच, असं मला वाटायचं.

वाणिज्याच्या मॅडमनी प्रत्येकाला एक काम दिलं होतं. एखादी वस्तू वर्गात आणायची, आणि ती विकत घेण्याजोगी का आहे ते पुढे उभं राहून सांगायचं. कुणी घड्याळ आणलं, कुणी कुकर. माझी पाळी दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी मान खाली घालून बसून राहिले. दुसऱ्या वेळी मॅडमनी मला तास संपल्यावर थांबवलं. त्या रागावल्या नाहीत, म्हणून जास्तच अवघड गेलं. म्हणाल्या, "सुनंदा, पुढच्या शुक्रवारी शेवटचं. त्याचे गुण मला द्यावेच लागतात. तू नाही बोललीस तर मी कोऱ्या जागी काय लिहू?" जीपमध्ये बसून घरी येताना मी मनाशी ठरवलं की शुक्रवारी बोलता आलं नाही तर आबांना सांगून टाकायचं, मला कॉलेज नको. घरी चरखा आहे, कोकरं आहेत, मी काही उपाशी मरणार नाही. आज हे लिहिताना त्या मुलीचा मला राग येत नाही. ती खरोखर तसंच करणार होती.

वस्तू मात्र माझ्या डोळ्यांपुढे होती. नारायणगावात जिथे येडगावच्या जीपा लागायच्या, तिथे कडुनिंबाखाली किसनमामांचं पत्र्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, एक ठोकळा, आऱ्या-रापींचा डबा आणि वर तारेला टांगलेल्या वस्तू. ते चपला शिवायचे, बैलांचे पट्टे करायचे आणि जमेल तेव्हा एखादी बॅग. आबांची त्यांची ओळख होती ती आमच्या कुत्र्यामुळे. आमच्या भागात बिबट्या कुत्र्याला गळ्याशी धरतो, म्हणून मेंढरांमागच्या कुत्र्याला खिळे लावलेला चामडी पट्टा घालतात. आमच्या भुंग्याचा पट्टा किसनमामांनी केलेला. एका पहाटे बिबट्यानं भुंग्याला धरलं आणि तसंच सोडून दिलं. पट्ट्यावर दातांच्या चार खुणा उमटल्या होत्या, पण एक टाका तुटला नव्हता. आबा तो पट्टा पाहुण्यांना काढून दाखवायचे, आणि भुंग्या तेवढा वेळ मान ताठ करून उभा राहायचा.

त्या तारेला एक तपकिरी बॅग टांगलेली होती, खांद्याला अडकवायची, मोठ्या झाकणाची. मी पुस्तकं खताच्या कंपनीच्या कापडी पिशवीतून न्यायचे. मी बॅग मागितली नव्हती. पण जीपची वाट बघताना माझी नजर कुठे जाते हे आबांनी केव्हा तरी पाहिलं असावं, कारण बाजाराच्या दिवशी ते मेंढरं चुलत्याकडे सोपवून, धुतलेलं धोतर नेसून माझ्याबरोबर निघाले.

किसनमामांनी बॅग काढून दिली. आबांनी ती उलटी केली, सुलटी केली आणि डोळे मिटून हुंगली.

"हिरडा हाय," आबा म्हणाले. कातडं कशानं कमावलंय ते त्यांना वासावरून कळलं होतं.

"हायच. आपल्याच डोंगरातला. अन् बाभळीची साल. औषधाचा वास आला तर पावणं, माझ्या तोंडावर फेका."

"पाठीचं कातडं का पोटाचं?"

"तुमीच सांगा की."

आबांनी अंगठ्यानं दाबत दाबत सगळी बॅग चाचपली, मेंढीची पाठ चाचपतात तशी. "झाकण पाठीचं. म्होरली बाजू बी पाठीची. आतला कप्पा पोटाचा हाय, सैल लागतोय."

मामांचा हात थांबला. "आतल्या कप्प्याला ताण कुठंय? तिथं पाठीचं लावून म्हशीला काय सांगू?"

"चूक कुठं म्हणलं मी? इचारलं."

"हे गिऱ्हाईक न्हाई," मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तपासणीला आलेत. पोरी, पाणी देऊ का सायबांना?"

आबांना हे फार आवडलं. त्यांनी अजून खोलात जायचं ठरवलं. झाकणाच्या कडेला एक बारीक पांढरट रेघ होती आणि खाली सुईच्या टोकाएवढे ठिपके. आबा म्हणाले, "म्हस भांडखोर व्हती. ही शिंगाची रेघ. अन् हे गोचिडांचं ठिपकं. उन्हाळ्यात हिला पाण्यात बसाय मिळालं न्हाई."

मी तोवर गप्प होते. पण मला खरंच कळेना, म्हणून विचारलं, "मग डाग असलेली कशाला घ्यायची?"

मामांनी रापी खाली ठेवली. "चांगलं इचारलंस. डाग झाकायला वरनं रंगाचा थर देत्यात. मंग समदी कातडी सारखीच दिसत्यात, अन् वरसात पापुद्रं निघत्यात. डाग दिसतोय म्हंजी कातडं उघडं हाय. उघडं हाय म्हंजी ते तेल पितं. तेल पितं तवर ते जगतं."

मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी पट्ट्याच्या मुळाशी रापीचं टोक घातलं आणि आम्ही घ्यायला आलेल्या बॅगेचा एक टाका कापून टाकला. आबांच्या तोंडून "अरं" एवढंच निघालं.

"आता वढ," मामा मला म्हणाले. मी पट्टा ओढला. "जोरात वढ, जेवून आलीस ना?" मी पाय रोवून ओढला. शिवण जागची हलली नाही. मामांनी मेण लावलेला दोरा घेतला, त्याच्या दोन टोकांना दोन सुया लावल्या आणि आरीनं पाडलेल्या एकाच भोकातून एक इकडून, एक तिकडून अशा ओढल्या. "यंत्राच्या शिवणीचा एक टाका गेला की मागचं समदं चाललं उसवत. हितं दोन दोरं हायेत. एक मेला तर दुसरा धरून ठिवतो. माझा बाप मोटा शिवायचा. मोट गळली की शेतकरी पाण्याआधी शिव्या वतायचा. ही मोटंची शिवण हाय." बोलता बोलता कापलेला टाका पुन्हा घालून झाला होता.

पैशाचं दोघांनी कडुनिंबामागे जाऊन ठरवलं, मला कळू दिलं नाही. एवढं ऐकू आलं की वर एक घोंगडी द्यायची. किसनमामांना बसून बसून कंबर धरायची, त्यांना खाली घालायला चांगली, खळीची घोंगडी हवी होती.

घरी आईनं बॅग मांडीवर घेतली. तिला ती आवडली हे दिसत होतं, कारण तिनं आधी लुगड्याला हात पुसले. पण झाकण इकडून तिकडे वळवून बघताना तिच्या कपाळावर आठी आली. "लई मऊ हाय गं. टिकंल का?" आबा हसले आणि भुंग्याच्या पट्ट्याकडे बोट केलं. आईची आठी तशीच राहिली.

रविवारी आबा मेंढरं घेऊन लांब गेले होते. मी शेजाऱ्यांचे टोमॅटो तोडायला गेले होते. आईनं किसनमामांच्या घोंगडीसाठी खळ शिजवली. घोंगडी ताणली, खळ चोळली, वाळत घातली. पातेल्यात थोडी खळ उरली. आई कधी काही वाया घालवत नसे. मी संध्याकाळी परत आले तेव्हा माझी बॅग पत्र्यावर ऊन खात बसली होती.

आईनं ती खाली काढून माझ्यापुढे जमिनीवर ठेवली. हात सोडला. बॅग उभी राहिली. "बघ," आई म्हणाली, "सकाळी ठिवली की नुसती आडवी व्हत व्हती. आता कशी उभी ऱ्हाती. दोन हात दिलेत." तिचा चेहरा इतका उजळला होता की मला काही सुचेना. बॅगेवर पांढरट साय आल्यासारखी दिसत होती. पट्टा वाळलेल्या कुरडईसारखा वळला होता. मी झाकण उचललं तर कड् असा आवाज आला आणि घडीवर एक बारीक भेग पडली. मी म्हणाले, "छान झालीय."

खरं सांगायचं तर, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, मला आतून थोडं बरं वाटलं. बॅग गेली. आता शुक्रवारी बोलायला वस्तूच नाही. माझा दोष नाही. इतकी वर्षं झाली तरी ते बरं वाटणं मला लख्ख आठवतं आणि मान आपोआप खाली जाते.

दिवे लागायच्या आत आबा आले. त्यांनी बॅग नाकाशी नेली. "चिंचोका," ते म्हणाले, आणि पुढे काहीच म्हणाले नाहीत. आबा कधी गप्प बसत नसत. आईनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बॅगेवरची भेग बघितली. ती चुलीपाशी जाऊन बसली. त्या दिवशी पिठलं खारट झालं आणि आम्ही तिघांनी ते मुकाट्यानं खाल्लं. जेवून उठताना मी म्हणाले, "असू दे आई, शुक्रवारी ही बॅग घेऊन वर्गापुढे बोलायचं होतं, ते मी नाही बोलत. तसंही मला कॉलेज काही झेपत नाही." मला वाटलं त्यानं तिला हलकं वाटेल. आईनं माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच तिच्या खळीत पाणी ओतलंय.

सोमवारी सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसून तयार होती. घोंगडी गुंडाळून तिनं डोक्यावर घेतली, बॅग माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चल."

किसनमामांच्या फळीपुढे आम्ही दोघी उभ्या राहिलो. आईनं मला कोपरानं ढोसलं. माझ्या तोंडून अर्थातच काही निघेना. तेव्हा आईनं घोंगडी खाली ठेवली आणि पदर सारखा करून सरळ सांगितलं, "भाऊ, चूक माझी हाय. मी हिला खळ दिली."

मामांनी बॅग घेतली. बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक केलं, दार वाजवतात तसं. मग बोट चाटून बघितलं. आणि मग ते हसायला लागले ते थांबेनात. चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा टकटक केलं, पुन्हा हसले. आई ताठ उभी होती. शेवटी ते तिची घोंगडी उलगडून, तिच्यावरून हात फिरवून, अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "वैनी, खळ एक नंबर हाय. असली खळ आता कोण करीत न्हाई. कातड्याला पचली न्हाई, एवढंच."

"हसू नगा. हिला शुक्रवारी ही बॅग घिऊन वर्गात बोलायचंय. न्हाई बोलली तर शाळा सोडती म्हणती."

मामांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "व्हय गं?"

मी मान डोलावली.

"मंग शुक्रवारपत्तुर झालीच पायजे."

ते काम मी आणि आईनं जवळजवळ पूर्ण पाहिलं. त्या दिवशी मी कॉलेजात गेले नाही, आणि आज वाटतं त्या एका दिवसात मी जितकं वाणिज्य शिकले तितकं नंतर तीन वर्षांत नाही. मामांनी कोमट पाणी घेतलं आणि फडक्यानं सगळी बॅग हळूहळू ओली केली. एकदम भिजवली तर डाग पडतात, म्हणाले, मायेनं भिजवावी लागते. खळ सुटायला लागली, पाणी पांढरं झालं, बदललं, पुन्हा पांढरं झालं. चामडं पुन्हा मऊ पडलं, पण आता त्याला काही आकारच उरला नाही. मामा आत भरायला चिंध्या शोधू लागले. आई इतका वेळ लांब बसली होती. ती म्हणाली, "चिंध्या नगा. पिळल्यावानी घड्या पडत्याल. लोकर भरा. लोकर पाणी वढून घेती अन् फुगलेली ऱ्हाती."

मामा विचारात पडले. "हे माझ्या बापाला बी सुचलं न्हाई."

"त्यांच्याकडं मेंढरं कुठं व्हती," आई म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. मला जीपनं पुन्हा येडगावला पाठवलं. मी लोकरीचं गाठोडं घेऊन परत आले तोवर दोघं जुने शेजारी असल्यासारखे चहा पीत बसले होते. मामांनी झाकणाची भेगाळलेली कड उसवून काढली होती, टाका न् टाका. जुनी भोकं तशीच ठेवून त्यांतूनच शिवत दुसऱ्या कातड्याची पट्टी बसवली. ती थोडी काळसर होती. "हातची शिवण," ते म्हणाले, "घालता येती तशी काढता बी येती. रेक्झिन असतं तर म्या तुमाला हात जोडलं असतं." आईनं कोपऱ्याकोपऱ्यात बोटं घालून लोकर भरली. मग बॅग सावलीत, कडुनिंबाच्या फांदीला टांगली. मामा रोज तिला एरंडेल चोळणार होते. आई निघताना म्हणाली, "उन्हात ठिवू नगा हं भाऊ." मामांनी नुसते हात जोडले.

शुक्रवारी सकाळी बॅग घ्यायला गेले तर मामा त्या नव्या घोंगडीवर बसले होते. बॅगेचा रंग आधीपेक्षा गडद झाला होता आणि झाकणाला ती काळसर पट्टी, शाळेच्या कपड्याला लावलेल्या ठिगळासारखी. "आतली लोकर सांजच्यापत्तुर काढू नगंस," त्यांनी बजावलं. "अजून पोटात वल हाय."

माझं नाव पुकारलं गेलं. मी उठले. टेबलापर्यंतची सात-आठ पावलं मी कशी चालले ते आठवत नाही. बॅग टेबलावर ठेवली. तोंड उघडलं. काही नाही. मॅडमनी मला मदत करावी म्हणून म्हटलं, "उघडून दाखव ना, आत काय काय राहतं."

मी झाकण उघडलं आणि दाबून भरलेली लोकर भसकन वर आली. मग मागच्या बाकावरून कुणीतरी "बॅऽऽ" केलं आणि सगळा वर्ग हसला. मी लोकरीकडे बघितलं. ती खरोखरच बॅगेतून एखादं कोकरू डोकं काढतंय तशी दिसत होती. मलाच हसू फुटलं. आणि त्या हसण्यातून मी म्हणाले, "आमच्याच मेंढरांची हाय ती. सांजच्याला काढायचीय."

ते 'हाय' बाहेर पडलं आणि आभाळ कोसळलं नाही. मग मी बोलत गेले. पाठीचं कातडं आणि पोटाचं कातडं. म्हशीच्या शिंगाची रेघ. हिरडा. दोन सुयांची शिवण, आणि कापलेला टाका. भुंग्याचा पट्टा सांगितला तेव्हा मागचे बाक पुढे वाकले. खळीचं सांगावं की नाही असं एकदा मनात आलं, पण तोवर मी थांबण्याच्या पलीकडे गेले होते. आईनं दोन हात दिले, बॅग कशी उभी राहिली, मामांनी कशी टकटक केली. मॅडम खुर्चीत मागे रेलून हसत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "मग सुनंदा, ही बॅग विकत घेण्याजोगी का आहे? एका वाक्यात सांग."

एका वाक्यात सांगायचं मी काही पाठ केलं नव्हतं. मी थोडा वेळ थांबले, पण ते थांबणं आधीसारखं नव्हतं. म्हणाले, "मॅडम, घेतल्यावर आपण तिचं काहीतरी वाटोळं करतोच. तेव्हा कुणाकडं न्यायची ते माहीत पाहिजे, आणि त्याला ती उसवता आली पाहिजे."

बॅऽऽ करणारा मुलगा त्याच दुपारी माझ्याकडे आला आणि किसनमामांचं दुकान नक्की कुठे आहे ते विचारून गेला.

घरी आई अंगणात वाटच बघत होती. "बोललीस?" "बोलले." "काय बोललीस?" मी सगळं सांगितलं. खळीचं आलं तेव्हा तिनं तोंडाला पदर लावला. "पन्नास पोरांम्होरं सांगितलंस? माझी अब्रू ठिवली न्हाईस." पण रात्रीच्या जेवणाआधी तिनं मला तीन वेळा पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि दर वेळी ती बॅग उभी राहते त्या जागी आली की आबांच्या आधी तीच हसायची. पुढे आमच्या घरात तो खेळच झाला. नवं काही आलं की कुणीतरी विचारणारच, "खळ द्यायची का?" फ्रीज आला तेव्हा विचारलं. माझ्या लग्नात जावई उंबऱ्यातून आत आले तेव्हा आबांनी हे विचारलं, आणि आई म्हणाली, "हे आधीच कडक दिसत्यात."

आता आबा नाहीत. मेंढरंही चुलत्याच्या मुलांकडे गेली, आईपाशी हट्टानं ठेवलेली चार आहेत. ती बॅग माझ्या खुंटीला आहे. बँकेत नोकरी लागली तेव्हापासून रोजचा डबा तिच्यातूनच जातो. पट्टी आणि बॅग यांचा रंग आता एकच झालाय, कुठली मूळची आणि कुठली नंतरची ते मलाही बोटानं चाचपून शोधावं लागतं. आतल्या कप्प्याच्या कोपऱ्यात अजून लोकरीचा एक पुंजका अडकलेला आहे. तो मी काढलेला नाही.

हे सगळं लिहायला कारण माझी मुलगी. परवा येडगावला गेलो असताना तिनं फोन पुढे केला. "आई, ही बघ. हातानं केलेली लेदर बॅग. घेऊ का?" फोटो देखणा होता. एकही डाग नाही, एकही रेघ नाही. मी सवयीनं फोन नाकाशी नेणार होते, तेवढ्यात आवरलं. खाटेवरून आईनं विचारलं, "काय हाय?" मुलीनं तिला फोन दाखवला. आईनं डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं.

"कुणी केलीय?" तिनं विचारलं.

मुलीनं बोटानं पान वर सरकवलं, खाली सरकवलं. रंग होते, मापं होती, किती दिवसांत घरपोच येईल ते होतं. "नाव नाही दिलेलं, आजी."

"मंग बिघडल्यावर कुणाकडं जायाचं?"

ते वाक्य मी तिला त्या शुक्रवारी संध्याकाळी तीन वेळा ऐकवलं होतं. ती कुणाचं म्हणून बोलत नव्हती, आता ते तिचंच होतं.

मुलीनं फोन बंद केला. किसनमामांची सून आता त्याच कडुनिंबाखाली बसते, दोन सुया घेऊन. "उद्या नारायणगावला जाऊया का?" मुलगी म्हणाली.

"जावा की," आई म्हणाली आणि काठी टेकत उठली. आम्हाला वाटलं पाणी हवं असेल. ती फडताळापाशी गेली, खालच्या फळीवरून एक गाठोडं ओढून काढलं आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं. हातात घेतल्याबरोबर वास आला.

"लोकर हाय," ती म्हणाली. "घिऊन जावा. त्यांच्याकडं नसती."